मापाची वही

चाळीस वर्षं डोकी हाताखालून गेली.
कंगवा टेकताच कळतं,
हा उजव्या कुशीवर निजतो,
ह्याला लहानपणी बंडीचं जू लागलेलं,
ह्याला भोवरे दोन, म्हणजे लग्नंही दोन,
असं माझी आई म्हणायची. दोन भोवऱ्यांचे तिघे येतात माझ्याकडे,
एकाचंच खरं ठरलं.

म्हणून हवालदार मसराम निळ्या टोपीच्या फौजेतून
आफ्रिकेहून सुटीवर आला आणि म्हणाला,
"अंबुलकर, तुह्यासाठी एक डोस्कं आणलं बावा,"
तेव्हा मी आधी आत बोटं घातली.
इंग्रजांचं हेल्मेट, मार्क सहा.
एका गोऱ्या शिपायाला आंब्याच्या लोणच्याची बरणी देऊन घेतलेलं.
कानांशी दोन फुगवटे.
वाटलं, त्या लोकांचे कान मोठे असतील. तसंच वहीत लिहिलं.
दोन वर्षांनी समजलं,
ती बिनतारीच्या हेडफोनला सोडलेली जागा.
ती ओळ खोडली आहे. पान फाडलं नाही.

आता सहा आहेत, आरशाच्या वर, फळीवर.
काही नागपूरच्या भंगारातून, दोन पार्सलानं.
बायको म्हणते, "सहा मडके आणले असते
त उन्हाळ्यात पाणी तरी भरलं असतं."

पाणी भरायचं ते जुनं, पोलादी, कासवाच्या पाठीचं.
अस्तर काढलं की भांडं.
त्यात पाणी तापवून पलटणीतली पोरं दाढी करायची.
मग नायलॉनचे थर दाबून नवं घडवलं,
ते छर्रे जास्त अडवतं,
पण विस्तवावर ठेवता येत नाही.
ह्याची हळहळ मला कुठे छापलेली सापडली नाही.

सहा आणि सातमध्ये फरक काय, असं कोणी विचारलं
की मी त्याला बाकावर पालथं झोपवतो.
धर नेम. उचल मान.
मार्क सहा असलं तर मागची कड चिलखतावर टेकते
आणि पुढची डोळ्यांवर येते.
म्हणून मार्क सातची मागून वर उचलली,
मी वस्तऱ्यानं मान साफ करतो, साधारण तेवढी.

त्या सातावर वाळूच्या रंगाची खोळ आहे.
तूर काढलेल्या रानात ठेवलं तर माझं मलाच सापडणार नाही.
आत मार्करनं लिहिलेलं नाव, घामानं विरलेलं.
ओ पॉझिटिव्ह तेवढं वाचता येतं.
आणि कपाळपट्टीत एक तांबूस केस.
चिमटीत धरून उजेडाला नेला.
मशीनचा काप, घाईतला.
कोणीतरी त्याचीही मान धरून म्हणाला असेल, हलू नको.
भोवरे किती, ते काही कळलं नाही.
केस होता तिथे परत ठेवला.

मग माघातली ती गारपीट.
दुपारचे चार, लिंबाएवढ्या गारा,
दुकानाचा सिमेंटचा पत्रा दोन जागी फुटला.
खुर्चीत अर्ध्या दाढीचा धनराज,
बाकावर तिघं, आणि बॉबकट करायला आलेली रोशनी, पाचवीतली.
ज्यांना मी कोणाला हात लावू देत नव्हतो
ती एकेक करून खाली काढली.
माप बघायला वेळ नव्हता.
सहावं उरलं म्हणून मी घातलं,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
बाहेरून ठोकून पाहिलेला आवाज मला पाठ होता.
आतून तो कोणीतरी दार वाजवावं तसा येतो.

रोशनी म्हणाली, "आबाजी, मले काईच दिसत नाई."
तिच्या डोक्यावर मार्क सहा होतं.
हसू आलं मला, गारा पडत असताना.

दुसऱ्या दिवशी पत्र्याचे तुकडे झाडून झाल्यावर वही काढली.
मार्क सहा, उजव्या फुगवट्यावर खरचटलेलं, नवीन.
मार्क सात, खोळ ओली, सावलीत वाळवली.
वापरणार: धनराज ढोबळे, अर्धी दाढी बाकी.
कपाळपट्टीत केस दोन.
एक जुना. एक काळा, खोबरेल लावलेला.